राष्ट्रपतींचे वार्षिक अभिभाषण : या प्रथेला पर्याय असू शकतो का?

बोरीकाठ (पारोळा तालुका) – धागा सुरू करणारा

नमस्कार मंडळी,

जानेवारीच्या अखेरीस आमच्याकडे कापसाची शेवटची वेचणी चालू असते. त्या दिवसांत एक सकाळ मी शेतात जात नाही. घरी बसून राष्ट्रपतींचे संसदेपुढचे अभिभाषण पहिल्या वाक्यापासून शेवटपर्यंत ऐकतो. आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील २००७ साली राष्ट्रपती झाल्या, तेव्हा लागलेली ही सवय आहे. आपल्या जिल्ह्यातली बाई देशाच्या दोन्ही सभागृहांपुढे उभी राहून बोलते आहे, हे पाहताना आमच्या घरात सगळे शांत बसले होते. त्या पदाविषयी आणि त्या प्रसंगाविषयी माझ्या मनात जो आदर आहे, त्यातूनच मी पुढचे लिहितो आहे, एवढे आधी सांगून ठेवतो.

घटनेच्या ८७ व्या अनुच्छेदाप्रमाणे लोकसभेच्या प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीनंतरच्या पहिल्या अधिवेशनाच्या आणि दरवर्षीच्या पहिल्या अधिवेशनाच्या आरंभी राष्ट्रपतींनी दोन्ही सभागृहांपुढे एकत्रित अभिभाषण करावे आणि संसदेला कशासाठी बोलावले आहे ते सांगावे, असे बंधन आहे. मूळ घटनेत प्रत्येक अधिवेशनाच्या आरंभी असे भाषण व्हावे अशी तरतूद होती. १९५१ च्या पहिल्याच घटनादुरुस्तीने ते वर्षातून एकदा केले. म्हणजे ज्या पिढीने घटना लिहिली, त्याच पिढीने दीड वर्षाच्या आत या प्रथेत बदल केला होता. त्यामुळे तिच्याविषयी पुन्हा विचार करणे हे कोणत्याही अर्थाने अवमानाचे नाही.

आता माझी खंत सांगतो. भाषणातला मजकूर मंत्रिमंडळाचा असतो, राष्ट्रपती तो वाचतात, आणि ‘माझे सरकार’ अमुक करील, तमुक करील, अशी वाक्ये त्यात एकामागून एक येतात. मागल्या वर्षी याच जागेवरून जे सांगितले होते त्याचे काय झाले, हे कलमवार कोठेही येत नाही. झालेल्या कामांचा उल्लेख असतो, परंतु जे राहून गेले त्याचा नसतो. त्यानंतर आभारदर्शक ठरावावर कित्येक तास चर्चा होते, पंतप्रधान उत्तर देतात, ठराव संमत होतो आणि पुढच्या जानेवारीत पुन्हा नव्या कोऱ्या कागदावर सुरुवात होते.

याची तुलना मी आमच्या विविध कार्यकारी सोसायटीच्या वार्षिक सभेशी करतो, आणि ती तुलना मला लहान वाटत नाही. गेल्या सप्टेंबरमध्ये सभा गोदामातच झाली. खताच्या गोण्या भिंतीकडे सारून सतरंजी टाकली होती. वरच्या पत्र्यांतून दोन ठिकाणी थेंब पडत होते म्हणून तेवढी जागा मोकळी सोडून सभासद बसले होते. सचिवांनी अहवाल वाचायला घेतला आणि नफा-तोट्यापर्यंत पोहोचायच्या आतच मागच्या रांगेतले एक वयस्कर सभासद उठले आणि म्हणाले, “मांगला सालना पत्रासनं काय व्हयनं, ते पयले सांग भाऊ.” सचिवांना थांबावे लागले, कारण विषयपत्रिकेवर पहिलाच विषय होता : ‘मागील वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’. त्या इतिवृत्तात पत्रे बदलण्याचा ठराव होता. ठराव का अमलात आला नाही, दरपत्रके कधी मागवली, पैसे कोठे अडले, हे सगळे त्यांना उभ्याने सांगावे लागले. त्याच विषयपत्रिकेवर पुढे ‘लेखापरीक्षण अहवाल व दोष दुरुस्ती अहवालाची नोंद घेणे’ हाही विषय होता.

काही शे सभासदांच्या सोसायटीला जो नियम लागू आहे, तो देशाच्या सर्वोच्च सभेला का नसावा? माझे म्हणणे एवढेच आहे की समारंभ आणि हिशेब या दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. हिशेब लेखी असावा, अधिवेशनाच्या किमान पंधरा दिवस आधी सदस्यांच्या हाती पडावा, आणि त्याचा पहिला भाग मागील वर्षाच्या अभिभाषणातील प्रत्येक कलमाचा असावा. राष्ट्रपतींचे भाषण त्यानंतर व्हावे आणि ते थोडक्यात असावे. संसद कशासाठी बोलावली हे सांगण्यापुरते. इतर देशांत काय काय पर्याय करून पाहिले गेले, याविषयी जाणकारांनी लिहावे, अशी विनंती आहे.

पांझरा (धुळे)

बोरीकाठ भाऊ, विषय फार महत्त्वाचा काढला आहे. मी राज्यशास्त्र शिकवते आणि दरवर्षी विद्यार्थ्यांना ८७ वा अनुच्छेद सांगताना माझ्याही मनात हाच प्रश्न येतो. आधी पर्यायांविषयी लिहिते.

सर्वांत जुना पर्याय अमेरिकेतला आहे. तिथल्या राज्यघटनेत एवढेच म्हटले आहे की अध्यक्षांनी वेळोवेळी देशाच्या स्थितीची माहिती काँग्रेसला द्यावी. भाषण करावे असे कोठेही म्हटलेले नाही. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी ८ जानेवारी १७९० रोजी न्यूयॉर्क येथे स्वतः जाऊन पहिले भाषण केले, आणि ते जेमतेम अकराशे शब्दांचे होते. त्या काळी काँग्रेसची दोन्ही सभागृहे या भाषणाला रीतसर उत्तर तयार करीत आणि ते उत्तर अध्यक्षांकडे जाऊन सादर करीत. १८०१ साली थॉमस जेफरसन यांनी हे सगळे बंद केले आणि लेखी संदेश पाठवला. राजाच्या सिंहासनावरील भाषणासारखा तो थाट त्यांना प्रजासत्ताकात नको होता. शिवाय लगोलग उत्तर तयार करण्यात काँग्रेसचा वेळ जाऊ नये, हेही कारण त्यांनी दिले. तेव्हापासून १९१३ पर्यंत, म्हणजे एकशे बारा वर्षे, अमेरिकेच्या अध्यक्षांचा वार्षिक संदेश कागदावरच गेला. १९१३ मध्ये वुड्रो विल्सन यांनी पुन्हा जाऊन बोलण्याची प्रथा सुरू केली, १९२३ साली कूलिज यांचे भाषण रेडिओवरून गेले, १९४७ साली ट्रूमन यांचे दूरचित्रवाणीवर दिसले, आणि पुढे ते काँग्रेसपेक्षा जनतेला उद्देशून होऊ लागले. तरीही लेखी मार्ग कधी बंद झाला नाही. पद सोडताना जिमी कार्टर यांनी १९८१ साली लेखी संदेशच पाठवला होता.

मात्र याच इतिहासातून एक सावधगिरीही घ्यायला हवी. लेखी संदेश हळूहळू फुगत गेले. प्रत्येक खाते आपापला अहवाल जोडी, आणि ते सगळे सभागृहात कारकून वाचून दाखवीत. कार्टर यांचा तो संदेश तेहेतीस हजारांहून अधिक शब्दांचा होता. केवळ ‘लेखी करा’ एवढ्याने हिशेब मिळत नाही. कधी कधी हिशेब कागदांच्या ढिगाखाली जाऊन बसतो.

तुम्ही प्रतिभाताईंचा उल्लेख केला म्हणून एक उदाहरण देते. लोकसभा निवडणुकीनंतर ४ जून २००९ रोजी त्यांनी जे अभिभाषण केले, त्यात सरकारचा शंभर दिवसांचा कार्यक्रम होता. महिला आरक्षण विधेयक लवकर मंजूर व्हावे यासाठी पावले उचलली जातील आणि पंचायतींमध्ये महिलांना पन्नास टक्के आरक्षण देण्यासाठी घटनादुरुस्ती केली जाईल, या गोष्टी त्यात होत्या. विधेयक ९ मार्च २०१० रोजी राज्यसभेत मंजूर झाले, लोकसभेत मात्र झाले नाही, आणि संसदेने ती घटनादुरुस्ती प्रत्यक्षात संमत केली ती सप्टेंबर २०२३ मध्ये. पंचायतींविषयीची केंद्रीय घटनादुरुस्ती तर झालीच नाही. आपल्या महाराष्ट्राने २०११ मध्ये स्वतःच्या कायद्याने ते आरक्षण दिले. पहिल्या महिला राष्ट्रपतींच्या तोंडून देशातील स्त्रियांना सांगितलेली ही गोष्ट होती. मधल्या प्रत्येक वर्षी तिची स्थिती एका ओळीत सभागृहापुढे यायला हवी होती, असे मला मनापासून वाटते. मी हे कोणत्या एका पक्षाविषयी लिहीत नाही. सरकारे बदलली, रीत तीच राहिली.

गिरणाकाठची वकील (चाळीसगाव)

कायद्याच्या बाजूने थोडे. ८७ व्या अनुच्छेदात ‘अभिभाषण’ असा शब्द आहे. त्यामुळे भाषण पूर्ण बंद करून केवळ लेखी संदेश पाठवायचा असेल, तर घटनादुरुस्ती लागेल. ८६ व्या अनुच्छेदात राष्ट्रपतींना सभागृहांना संदेश पाठवण्याचा अधिकार आहे, पण तो या वार्षिक बंधनाच्या जागी वापरता येणार नाही. बोरीकाठ भाऊंची सूचना मात्र याहून सोपी आहे. भाषण राहू द्यायचे, ते छोटे करायचे, आणि सोबत कलमवार लेखी विवरण पटलावर ठेवायचे. याला घटनादुरुस्तीची गरज नाही. भाषण किती मोठे असावे हे घटना सांगत नाही, आणि विवरण पटलावर ठेवणे हे सरकारच्या इच्छेने किंवा सभागृहाच्या नियमांत बदल करून होऊ शकते.

दुसरी गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. लोकसभेत शासकीय आश्वासन समिती १९५३ पासून आहे. मंत्र्यांनी सभागृहात दिलेली आश्वासने, वचने यांची यादी करून ती पूर्ण झाली की नाही याचा पाठपुरावा ती करते. आपल्या विधिमंडळातही अशी समिती आहे. पण ती पाहते ती मंत्र्यांनी दिलेली आश्वासने. राष्ट्रपतींच्या तोंडून आलेले सरकारचे वचन मात्र त्या यादीत बसत नाही. वास्तविक तो मजकूर मंत्रिमंडळानेच मंजूर केलेला असतो. ज्या वचनाला सर्वांत मोठा मान, त्याचाच पाठपुरावा करणारे कोणी नाही, ही उणीव मला फार गंभीर वाटते. समितीच्या कार्यकक्षेत अभिभाषणातील कलमे आणली, तर अर्धे काम तिथेच होईल.

केळीबाग (रावेर)

मला पटत नाही. वर्षातून एक दिवस तरी दोन्ही सभागृहे एकत्र बसतात आणि सगळे एका व्यक्तीचे ऐकून घेतात, हे टिकले पाहिजे. हिशेब मागायला प्रश्नोत्तराचा तास आहे, अर्थसंकल्प आहे, आर्थिक पाहणी अहवाल आहे, महालेखापरीक्षकांचे अहवाल आहेत. प्रत्येक प्रसंगाला हिशेबाची वही जोडायलाच हवी का?

बोरीकाठ

केळीबाग भाऊ, एकत्र बसणे टिकावे हेच माझेही म्हणणे आहे. पण आता सगळे ऐकून घेतात, असे म्हणता येईल का? २९ जानेवारी २०२१ रोजी कृषी कायद्यांच्या प्रश्नावर विरोधी पक्षांनी अभिभाषणावर बहिष्कार टाकला होता. ते योग्य की अयोग्य या वादात मी जात नाही. मजकूर सरकारचा आणि तोंड राष्ट्रपतींचे असल्यामुळे सरकारवरचा राग राष्ट्रपतींच्या प्रसंगावर निघतो, हे मला दुखावणारे वाटते. वादाचा मजकूर लेखी कागदावर गेला आणि राष्ट्रपतींच्या तोंडी केवळ सर्वांना मान्य होईल असे निमंत्रणाचे भाषण राहिले, तर त्या दिवसाची प्रतिष्ठा वाढेल, कमी होणार नाही.

सातपुडा_पायथा (शहादा तालुका)

मी नंदुरबार जिल्ह्यातील आदिवासी भागात शिक्षक आहे. वरच्या प्रतिसादांशी बऱ्याच अंशी सहमत असूनही एक गोष्ट सर्वांच्या लक्षात आणून द्यावीशी वाटते. लेखी अहवाल वाचणाऱ्यांसाठी असतो. आमच्या पाड्यांवर असे अनेक आजी-आजोबा आहेत, ज्यांना देशाचा कारभार कळतो तो केवळ कानाने. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी ३१ जानेवारी २०२३ रोजी पहिले अभिभाषण केले, तेव्हा आमच्या शाळेत ते लावले होते. एक मावशी पोषण आहार शिजवण्याचे काम सोडून दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांना हिंदी सगळे कळत नव्हते. पण आपल्यासारख्या घरातली बाई तिथे उभी आहे आणि सगळे बसून ऐकत आहेत, हे त्यांना कळत होते, आणि भाषण संपेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. हे कोणत्याही लेखी विवरणाने साधणार नाही.

त्यामुळे पर्याय शोधताना आवाज काढून टाकू नये, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. उलट तो आवाज आमच्या भाषांत यावा. राष्ट्रपती हिंदीत वाचतात, इंग्रजी प्रत असते. भिली, पावरी, अहिराणी यांत त्या मजकुराचा सारांश आकाशवाणीवरून त्याच संध्याकाळी का येऊ नये? ‘मागच्या वर्षी हे सांगितले होते, त्यातले हे झाले, हे राहिले’ अशी पाच मिनिटे आमच्या बोलीत मिळाली, तर ग्रामसभेत प्रश्न विचारणाऱ्यांचे धैर्य वाढेल. पेसा, म्हणजे आदिवासी अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींचा कायदा, जिथे लागू आहे तिथल्या ग्रामसभेला त्या कायद्याने जे अधिकार दिले आहेत, ते वापरायचे तर वरच्या सभेत काय ठरले हे आधी कानावर पडले पाहिजे.

पांझरा

सातपुडा सर, तुमचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, आणि त्याला जोडून मेक्सिकोचे उदाहरण सांगायलाच हवे, कारण या धाग्यासाठी ते सर्वांत जवळचे आहे.

मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्षांनी दरवर्षी १ सप्टेंबरला काँग्रेसमध्ये जाऊन देशाच्या कारभाराचा अहवाल द्यायचा, अशी रीत होती आणि तो दिवस जवळजवळ राष्ट्राध्यक्षांच्या गौरवाचा सोहळा झाला होता. २००६ साली निवडणुकीच्या वादामुळे विरोधी सदस्यांनी व्यासपीठच ताब्यात घेतले. राष्ट्राध्यक्ष फॉक्स यांना भाषण करता आले नाही. लेखी प्रत सुपूर्द करून ते परत गेले. त्यानंतर २००८ मध्ये राज्यघटनेत बदल झाला. आता राष्ट्राध्यक्षांनी लेखी अहवाल सादर करायचा, स्वतः हजर राहण्याचे बंधन नाही. पण बदल तेवढ्यावर थांबला नाही. सभागृहे अहवालाचे विश्लेषण करतात, राष्ट्राध्यक्षांना लेखी प्रश्न पाठवून अधिक माहिती मागू शकतात आणि मंत्र्यांना बोलावू शकतात, आणि तिथे आलेल्या मंत्र्याला खरे बोलण्याची शपथ घेऊन उत्तर द्यावे लागते. कागद, त्यावर प्रश्न आणि शपथेवर उत्तर, असा हा क्रम आहे. मला तो फार विचारपूर्वक केलेला वाटतो.

आता त्यातली उणीव. काँग्रेसमधले भाषण गेले, पण भाषण गेले नाही. राष्ट्राध्यक्ष त्याच सुमारास वेगळ्या ठिकाणी, स्वतः निमंत्रित केलेल्या श्रोत्यांपुढे बोलू लागले. म्हणजे पूर्वी निदान विरोधकांसमोर उभे राहावे लागे, ते आता लागत नाही. केळीबाग भाऊंना जी भीती वाटते ती निराधार नाही, हे मी प्रामाणिकपणे नोंदवते. विरोधकांच्या नजरेसमोर उभे राहून बोलावे लागणे यालाही काही मोल आहे, आणि लेखी पर्याय स्वीकारताना ते हातचे जाऊ देता कामा नये.

फ्रान्सचा अनुभव याच्या उलट दिशेने गेला. तिथे १८७३ पासून राष्ट्राध्यक्षांना संसदेत येऊन चर्चेत भाग घेण्यास बंदी झाली. त्यांचा संदेश दुसऱ्याने वाचायचा आणि त्यावर चर्चा नाही. ही स्थिती २००८ च्या घटनादुरुस्तीपर्यंत होती. त्यानंतर २२ जून २००९ रोजी सार्कोझी यांनी व्हर्साय येथे दोन्ही सभागृहांपुढे भाषण केले. चर्चा होते ती राष्ट्राध्यक्ष निघून गेल्यावर, आणि मतदान होत नाही. मला ही रीत फारशी उपयोगाची वाटत नाही, म्हणून एवढ्यावरच सोडते.

निवृत्त ग्रामसेवक (अमळनेर)

धागा मन लावून वाचला. ३४ वर्षे ग्रामपंचायतींचे दप्तर सांभाळले, त्या अनुभवावरून लिहितो.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवसांच्या ग्रामसभा आपल्याकडे रूढ आहेत. मी नोकरीला लागलो तेव्हा माझ्या वरिष्ठांनी पहिली गोष्ट शिकवली ती इतिवृत्ताच्या वहीची. पानांना आधी क्रमांक घालायचे, दोन ओळींमध्ये कोरी जागा सोडायची नाही, खाडाखोड झाली तर शेजारी सही करायची, आणि सभा संपल्यावर शेवटच्या ओळीखाली आडवी रेघ मारून अध्यक्षांची सही घ्यायची. रेघ मारायची राहिली तर त्या मोकळ्या जागेत पुढे काहीही घुसवता येते. एका गावात नेमके तेच झाले. मी सुट्टीवर होतो, रेघ राहिली, आणि महिनाभराने पाहतो तो पाणीपुरवठ्याच्या कामाचा, सभेत कधी न झालेला ठराव वेगळ्या शाईत लिहिलेला. पुढच्या ग्रामसभेत मी इतिवृत्त मोठ्याने वाचले तेव्हा बाया उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की हा ठराव आमच्यासमोर झालेलाच नाही. ‘वाचून कायम करणे’ या तीन शब्दांचा अर्थ मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने कळला. वाचणे यासाठी की ज्याला अक्षर येत नाही त्यालाही हरकत घेता यावी, आणि कायम करणे यासाठी की हरकतीची वेळ टळून गेल्यावर कोणी शब्द फिरवू नये.

म्हणून सातपुडा गुरुजी आणि बोरीकाठ भाऊ या दोघांचे म्हणणे मला वेगळे वाटत नाही. लेखी हवे आणि वाचलेही पाहिजे. फक्त आधी मागचे वाचा, मग पुढचे.

गिरणाकाठची वकील

ग्रामसेवक अण्णा, तुमच्या अनुभवाला जोडून राज्यपालांच्या अभिभाषणाकडे पाहू, कारण १७६ व्या अनुच्छेदाने राज्यांतही हीच पद्धत आहे आणि गेल्या काही वर्षांत तिच्यावरचा ताण तिथेच अधिक दिसला आहे. जानेवारी २०२३ मध्ये तमिळनाडूत राज्यपालांनी मजकुरातील काही भाग गाळला आणि नंतर ते सभागृहातून निघून गेले. जानेवारी २०२४ मध्ये केरळच्या राज्यपालांनी केवळ शेवटचा परिच्छेद वाचला. आपल्या महाराष्ट्रातही मार्च २०२२ मध्ये घोषणाबाजीमुळे अभिभाषण काही मिनिटांतच आटोपले. कारणे प्रत्येक ठिकाणी वेगळी होती आणि बाजू घेण्याचे हे स्थळ नाही. कायद्यापुढचा प्रश्न मात्र एकच आहे. गाळलेला परिच्छेद अभिभाषणाचा भाग मानायचा की नाही?

हा वाद नवा नाही. १९६५ मध्ये पश्चिम बंगालच्या राज्यपालांना गोंधळामुळे भाषणाची प्रत पटलावर ठेवून जावे लागले होते. प्रकरण कोलकाता उच्च न्यायालयात गेले, आणि न्यायालयाने ती अनियमितता मानली, पण त्यामुळे पुढचे कामकाज अवैध ठरवले नाही. यावरून माझे मत असे झाले आहे की अधिकृत मजकूर कोणता, हे वाचनावर अवलंबून ठेवूच नये. विवरण आधी पटलावर ठेवले, त्यावर सभागृहाची नोंद झाली, की पुढे वाचणाऱ्याने एखादे वाक्य गाळले किंवा गोंधळात ऐकू आले नाही, तरी सरकारची जबाबदारी जागच्या जागी राहते. ज्या देशाकडून ही प्रथा आपल्याकडे आली, तिथेही वाचणारी व्यक्ती बदलल्याने काही अडत नाही. ब्रिटनच्या राणी एलिझाबेथ १९५९ आणि १९६३ साली येऊ शकल्या नाहीत तेव्हा भाषण लॉर्ड चॅन्सेलर यांनी वाचले, आणि मे २०२२ मध्ये युवराज चार्ल्स यांनी. मजकुराची जबाबदारी मंत्रिमंडळाची असते, हे तिथे सर्वांना ठाऊक असते.

ब्रिटनमधलीच आणखी एक गोष्ट आपल्या उपयोगाची आहे. २००२ पासून तिथले पंतप्रधान सर्व समित्यांच्या अध्यक्षांच्या समितीपुढे वर्षातून काही वेळा बसतात आणि प्रश्नांना सलग उत्तरे देतात. तिथे भाषण नसते. आपल्याकडे विभागवार स्थायी समित्या १९९३ पासून आहेत. अभिभाषणातील प्रत्येक कलम संबंधित स्थायी समितीकडे आपोआप गेले आणि त्या समितीने वर्षअखेरीस एका पानाचा अभिप्राय दिला, तर आभारदर्शक ठरावाच्या चर्चेला ठोस आधार मिळेल.

केळीबाग

वकील ताईंचे आणि अण्णांचे प्रतिसाद वाचून माझ्या मतात बदल झाला, तो इथे लिहिणे मला आवश्यक वाटते. एकत्र बसणे, उभे राहून बोलणे आणि विरोधकांनी समोर असणे या तिन्ही गोष्टी राहणार असतील, तर लेखी विवरणाला माझा विरोध नाही.

एक आठवण जोडतो. आमच्या शेजारच्या फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले ते पहिलेच. नंदलाल बोस यांनी स्थानिक साधनांतून तो परिसर सजवला होता. पंडित नेहरू अध्यक्ष होते. माझे आजोबा लहानपणी बैलगाडीतून तिथे गेले होते आणि अध्यक्षांचे भाषण ऐकल्याचे सांगत. ते पक्षाचे अधिवेशन होते, संसदेचे नव्हे, हे मला कळते. पण तोपर्यंत शहरांतच भरणारी सभा खेड्यात आणल्याने तिची प्रतिष्ठा कमी झाली नाही, एवढे आजोबांच्या सांगण्यावरून माझ्या मनात पक्के आहे.

एक प्रश्न मात्र उरतो. सरकार स्वतःच विवरण लिहिणार असेल, तर ‘कार्यवाही सुरू आहे’ असे प्रत्येक कलमापुढे लिहून मोकळे होईल. त्याचे काय करायचे?

बोरीकाठ

हा प्रश्न मी सोसायटीत वर्षानुवर्षे पाहिला आहे. ‘कार्यवाही सुरू आहे’ या शब्दांवर आमच्याकडे एकच उपाय चालला : तारीख मागणे. दरपत्रके मागवली असतील तर कोणत्या तारखेला, मंजुरीसाठी पाठवले असेल तर कोणाकडे आणि केव्हा. त्यामुळे विवरणाच्या तक्त्यात अभिभाषणातील मूळ वाक्य जसेच्या तसे असावे, त्यापुढे शेवटचे पाऊल कोणते उचलले आणि कोणत्या तारखेला, मग त्यासाठी ठरलेली आणि खर्च झालेली रक्कम, आणि काम सोडून दिले असेल तर तसे स्पष्ट शब्दांत. सोडून दिले म्हणणे हा गुन्हा नाही. परिस्थिती बदलते, अग्रक्रम बदलतात. पण सोडून दिले हे सांगितलेच नाही, की लोक वाट पाहत राहतात. पांझराताईंनी दिलेल्या २००९ च्या उदाहरणात पहिल्याच वर्षी ‘राज्यसभेत मंजूर, ९ मार्च २०१०, लोकसभेत प्रलंबित’ एवढी एक ओळ आली असती आणि पुढच्या प्रत्येक वर्षी तीच ओळ पुन्हा वाचावी लागली असती, तर त्या ओळीचेच ओझे झाले असते.

आणि आभारदर्शक ठरावाला दुरुस्त्या सुचवण्याचा अधिकार सदस्यांना आहेच. राज्यसभेने २०१५ आणि २०१६ अशी सलग दोन वर्षे विरोधकांची दुरुस्ती संमत केली होती. विवरण हाती असेल, तर दुरुस्ती नेमक्या कलमावर मांडता येईल.

लोकसभेत याचिका समिती आहे आणि खासदारांच्या प्रतिस्वाक्षरीने नागरिकांना याचिका सादर करता येते. सर्वांची संमती असेल तर मी मसुदा करतो. त्यात तीन मागण्या ठेवतो. मागील अभिभाषणाचे कलमवार विवरण अधिवेशनाच्या पंधरा दिवस आधी पटलावर ठेवावे. त्यातील कलमे आश्वासन समितीच्या कार्यकक्षेत आणावीत. आणि विवरणाचा सारांश आकाशवाणीवरून बोलीभाषांत प्रसारित करावा. पहिल्या मागणीचे वाक्य असे लिहिले आहे : ‘मागील अभिभाषणावरील कार्यवाहीच्या विवरणाची सभागृहाने नोंद घ्यावी.’

सातपुडा_पायथा

माझी सही धरावी. तिसऱ्या मागणीत भिली आणि पावरी ही नावे स्पष्ट लिहावीत. नुसते ‘बोलीभाषा’ लिहिले की आमच्या भाषा सुटतात, असा अनुभव आहे.

पांझरा

माझीही. विद्यार्थ्यांपैकी जे अठरा वर्षांचे आहेत आणि स्वेच्छेने सही करू इच्छितात, त्यांना मसुदा वाचायला देते.

निवृत्त ग्रामसेवक

बोरीकाठ भाऊ, पहिल्या मागणीतला एक शब्द बदला. ‘नोंद घ्यावी’ असे लिहिले की कागद फाईलला लागतो. ‘विवरण सभागृहात वाचून कायम करावे’ असे लिहा. बाकी मसुदा ठीक आहे. पानांना क्रमांक घाला आणि शेवटच्या सहीखाली रेघ मारायला विसरू नका.